विकलेली गाडी माझ्या मोबाईलवर दिसत होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात नव्या गाड्यांबद्दल येतं ते मी आवडीने वाचतो. स्क्रीन किती इंचाची, ॲपवरून एसी चालू होतो का, सगळं व्यवस्थित असतं त्यात. पण ते ॲप शेवटी कोणाच्या हातात असतं यावर कधी काही वाचायला मिळालं नाही, आणि माझ्यासोबत जे झालं ते कोणासोबतही होऊ शकतं म्हणून लिहितोय.

मी माझी गाडी विकली. कागदपत्रं, दोन्ही चाव्या, सर्व्हिसचं पुस्तक सगळं नीट दिलं, नाव पण बदलून झालं. ॲप मात्र मोबाईलमध्ये तसंच राहिलं, डोक्यातच आलं नाही. अडीच महिन्यांनी मोबाईलमध्ये जागा करायला बसलो तेव्हा ते उघडलं गेलं आणि नकाशावर गाडी दिसली, ती पण चालती. टाकीत तेल किती, सकाळी किती वाजता निघाली, कुठे किती वेळ उभी होती, सगळं दिसत होतं, आणि खाली दरवाजे उघडायचं बटण. मी त्याला हात लावला नाही, पण ते बटण अजून माझ्याकडे होतं हेच मला पुरेसं होतं. लगेच नव्या मालकांना फोन केला. त्या बाई आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, म्हणजे आम्ही कुठे जातो ते तुम्हाला दिसतंय? हो म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचं अजून वाईट आहे. मी ॲप काढून टाकलं तरी खात्यावरून गाडी जात नाही, ती कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे त्यांच्याकडच्या कॉम्प्युटरवर असते. कंपनीला फोन लावला तर म्हणे नव्या मालकाने कागदपत्रं पाठवायची, मग आमची टीम बघेल. ९ दिवस लागले. विकणारा मी, घेणाऱ्या त्या, दोघंही सांगतोय की हे नाव काढा, आणि तरी आम्ही दोघं मिळून ते करू शकत नाही. पूर्वी चावी हातात दिली की विषय संपायचा.

नेटवाल्या गाडीत एक सिमकार्ड असतं, कंपनीने बसवलेलं, आणि ते गाडीच्या आतल्या कॉम्प्युटरशी जोडलेलं असतं. आपण ॲपवर बटण दाबलं की हुकूम थेट गाडीला जात नाही, आधी कंपनीच्या सर्व्हरला जातो आणि तिथून गाडीला. माहिती पण त्याच वाटेने बाहेर जाते. २०२३ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिला फाउंडेशनने गाड्यांचे २५ ब्रँड प्रायव्हसीसाठी तपासले, त्यातला एकही पास झाला नाही. पुढच्याच वर्षी बाहेर आलं की जनरल मोटर्सच्या गाड्यांमधून कोण किती जोरात ब्रेक मारतं, कोण रात्री चालवतं ही माहिती लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांकडे जात होती आणि तिथून इन्शुरन्सवाल्यांकडे, लोकांचे हप्ते वाढले तेव्हा त्यांना कळलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२५ च्या जानेवारीत त्यावर कारवाई जाहीर केली. पण जी माहिती आधीच गेली ती काय परत येते का?

आणि नुसती माहितीच जाते असं पण नाही. २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा वादळ आलं तेव्हा टेस्लाने काही मालकांच्या गाड्यांची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाण्याचं अंतर, लांबून वाढवून दिली, लोकांना बाहेर पडता यावं म्हणून. मदतच होती ती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या गाड्यांमध्ये मोठी बॅटरी आधीपासूनच बसवलेली होती, सॉफ्टवेअरने तिचा काही भाग बंद ठेवला होता, आणि वादळ गेल्यावर तो परत बंद झाला. जे लांबून उघडता येतं ते लांबून बंदही करता येतं, आणि कंपनी कायम चांगल्या मनानेच वागेल, कायम चालूच राहील याची खात्री कोण देणार? फिस्कर नावाची इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा सॉफ्टवेअर अपडेट आणि स्पेअर पार्टसाठी मालकांना स्वतःची संघटना काढून धावपळ करावी लागली. घरातल्या वस्तूंचं तेच. रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब, म्हणजे घरातली यंत्रं एकत्र जोडणारा डबा होता, घरातले दिवे वगैरे त्यावर चालायचे, तो बनवणारी कंपनी गुगलच्या नेस्टने विकत घेतली आणि २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरात चालू असलेलं यंत्र, त्यात काही बिघाड नाही, आणि एका दिवसात निकामी.

माझ्या घरात पण असले स्विच होते. नेट गेलं की मोबाईल आणि दिवा एकाच खोलीत असून ॲपवरून दिवा लागायचा नाही, कारण हुकूम बाहेरच्या सर्व्हरला जाऊन परत येणार. गाडीच्या प्रकारानंतर मी एक जुना लॅपटॉप काढला, त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि त्याचाच घरचा सर्व्हर केला. झाकण बंद केलं की तो झोपायचा, ती सेटिंग शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. आता दिवे होम असिस्टंट नावाच्या, घरातच चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यासाठी नेटवाले स्विच काढून झिगबी या जवळच्या जवळ चालणाऱ्या वायरलेस पद्धतीचे बसवले, ते लॅपटॉपला लावलेल्या छोट्या स्टिकशी थेट बोलतात, नेट असो नसो. फोटो त्याच लॅपटॉपवर इमिच नावाच्या फोटो साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात. बाहेरून बघायचं असेल तर वायरगार्ड या व्हीपीएनने, म्हणजे नेटवरच्या सुरक्षित खाजगी वाटेने घरात शिरतो, राउटरचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, उघडे टाकून बसू नका एवढं मात्र करणाऱ्यांना कळकळीने सांगतो. जुन्या लॅपटॉपचा एक फायदा म्हणजे बॅटरी असते, वीज गेली तरी लगेच बंद पडत नाही.

हे सोपं आहे असं मी म्हणणार नाही. मध्यंतरी लॅपटॉपला लावलेली, फोटो असलेली डिस्क टिक टिक आवाज करायला लागली, मी उद्या बघू म्हटलं आणि उद्यापर्यंत ती गेली. दुसरी कॉपी बहिणीच्या घरी ठेवलेली होती म्हणून वाचलो, पण ती घेऊन ११ दिवस झालेले, आणि मोबाईलमधले फोटो मी जागेसाठी उडवून टाकले होते. त्या ११ दिवसांत भाचीचा पहिला पोहण्याचा व्हिडिओ होता, तो गेला. चूक माझी होती. आता कॉपी रोज रात्री आपोआप होते आणि महिन्यातून एकदा त्यातले चार फोटो उघडून बघतो, कारण कधी उघडून न बघितलेला बॅकअप असून नसल्यासारखाच.

सगळ्यांनी सर्व्हर मांडावेत असं माझं म्हणणं नाही, माझ्या आईला हे जमणार नाही आणि तिला जमायची गरज पण नसावी. तिने पैसे मोजून घेतलेली वस्तू तिच्या हुकमाने चालावी यासाठी तिला लिनक्स कशाला यायला हवं? हे काम कायद्याने आणि बनवणाऱ्यांनी करायचं आहे. करता येतं हे दिसतंय पण. युरोपियन युनियनचा डेटा ॲक्ट १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, त्यात वस्तू वापरताना तयार होणारी माहिती वापरणाऱ्याला मिळण्याचा हक्क आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी २०२० मध्ये मतदान करून गाडीतला डेटा मालकाला आणि त्याच्या पसंतीच्या मेकॅनिकला मिळावा असा कायदा आणला, गाडी कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. जायच्याच.

माझ्या मते सगळ्यात आधी गाडीच्या स्क्रीनवरच एक बटण पाहिजे, जुनी सगळी खाती काढून टाकणारं, गाडीत बसलेल्या मालकाला दाबता येईल असं, कोणाला मेल नाही की फोन नाही. दुसरं म्हणजे घरातली वस्तू घरातल्या घरात नेटशिवाय चाललीच पाहिजे. आणि कंपनीला सर्व्हर बंद करायचा असेल तर जाण्याआधी त्या वस्तूचं कुलूप उघडून द्यावं, म्हणजे लोक ती दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालवतील.

तुमच्याकडे एक विनंती आहे. तुमच्या लोकांना टेस्टसाठी गाडी मिळते तेव्हा मायलेज, डिकी वगैरे बघून झालं की एकदा तिचं नेट बंद करून बघायला सांगा, काय चालतं काय बंद पडतं. आणि कंपनीला विचारा की ही गाडी विकली तर जुन्या मालकाच्या मोबाईलवरून ती कशी आणि किती दिवसांत जाईल. जे उत्तर येईल ते तसंच छापा, उत्तर नाही आलं तर तेही छापा.

आपला,
एक नियमित वाचक