होडीतल्या जॅकेटचं बक्कल

महोदय,
कापूस विकून यंदा आम्ही दारव्ह्याहून मालवणला गेलो. सत्तरीतल्या आईनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. होडीत तिला मिळालेल्या लाइफ जॅकेटचं बक्कल तुटकं. "दहा मिनिटांत तर पोचतो," होडीवाला म्हणाला. शेवटी मी गमछानं जॅकेट बांधलं. (गमछा आमच्याकडं कशालाही चालते!)

सिंधुदुर्ग मात्र डोळ्यांत मावत नाही. शिवरायांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला. भोवती खारा समुद्र, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. आई वाकून पाहत म्हणाली, "आपल्या वावरातली अशी असती त!"

होडी सुटण्याआधी जॅकेटं कुणीतरी तपासावीत, एवढीच विनंती.

– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ