नाव कुठले लावायचे, ते आधी सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत निवडणूक लढवू पाहणाऱ्या महिलांसाठी पानभर मार्गदर्शन आले आहे. आत्मविश्वास, देहबोली, माईक तोंडापासून किती लांब धरावा, सुती साडी की सिल्क, सगळे आले. उमेदवारी अर्जाच्या वाट्याला मात्र अडीच ओळी, आणि त्यांत ‘आवश्यक ती कागदपत्रे जोडावीत’ एवढाच उपदेश. कुठली कागदपत्रे, ते लेखिकेने गुलदस्त्यात ठेवले आहे.

गोव्यातल्या बायकांना बोलायला शिकवावे लागते, हा शोध आपल्या पुरवणीचाच. पाणी, कचरा, डोंगरकापणी यांपैकी काहीही निघाले की ग्रामसभेत पहिला आवाज कुणाचा चढतो, ते आपल्या वार्ताहरांना विचारा. बाई अडते ती माईकपाशी नव्हे. ती अडते निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलापाशी, शेवटच्या दिवशी, शेवटच्या पंधरा मिनिटांत. दार बंद व्हायला आलेले असते, आणि हातातल्या चार कागदांवर तिची चार नावे असतात.

एकीची गोष्ट नव्हे ही, दर पंचायत निवडणुकीत दिसते. प्रभाग इतर मागासवर्गीय महिलांसाठी राखीव झाला. बाई सासरच्या नावाने मतदार. जातीचा दाखला मात्र वडिलांच्या जातीवरून निघतो, कारण लग्नाने जात बदलत नाही. म्हणजे दाखल्यावर माहेरचे नाव. आधारवर माहेरचे नाव आणि सासरचे आडनाव. शाळेच्या दाखल्यावर लाडाचे नाव, कारण आजोबांनी तेच सांगितले होते. वडिलांची जन्मनोंद पोर्तुगीज आमदानीतली, तिच्यात ‘नाईक’चे स्पेलिंग शेवटी क्यू-यू-ई लावून. मुलीच्या कागदांवर सरळ ‘के’. विरोधी उमेदवाराचा वकील छाननीच्या दिवशी दुसरे काही करत नाही, हे चार कागद शेजारी शेजारी मांडतो आणि विचारतो, ही बाई तीच कशावरून?

ती तीच आहे हे सिद्ध करणारे कागद अवघड नाहीत, पण ते एका दुपारी जमत नाहीत. जन्मदाखला, नागरी निबंधकाकडची लग्ननोंद आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, ही साखळी पुरते. साखळीतली एक कडी चुकली तर नावदुरुस्ती आली, आणि त्यात महिने जातात. सासर फोंड्यात आणि माहेर काणकोणात असेल तर वडिलांच्या जुन्या कागदांसाठीच्या फेऱ्या वेगळ्या धराव्यात. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला, त्यामुळे त्याआधीच्या घरगुती कागदांत नेमकी नोंद सापडेलच असे नाही. तेव्हा दाखला आरक्षण जाहीर होण्याआधी काढून ठेवावा. प्रभाग राखीव झाला नाही तर कपाटात पडून राहील. त्याला खायला घालावे लागत नाही.

मतदारयादीचेही तेच. लग्न होऊन दहा वर्षे झाली तरी नाव माहेरच्या यादीत, अशा बायका प्रत्येक वाड्यावर आहेत. पत्ता बदलायला नमुना ८ भरायचा. २०२५च्या अखेरीस सुरू झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणात २००२च्या यादीत आईवडिलांची नोंद शोधताना कितीजणींची दमछाक झाली, ते आपणच छापले होते. यादीत नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नये. कुठल्या भागात आहे, अनुक्रमांक काय आणि स्पेलिंग काय, हे तिन्ही वहीत लिहून ठेवावे. अर्जावर नाव यादीतल्यासारखेच घालावे. पत्रिकेवर किंवा नवऱ्याच्या फलकावर कसे आहे, ते तिथे कामाचे नाही.

विधानसभेकडे पाहणाऱ्यांसाठी नमुना २६चे प्रतिज्ञापत्र आहे, म्हणजे मालमत्ता, देणी आणि खटले यांची शपथेवर दिलेली माहिती. त्यातला एकही रकाना रिकामा सोडायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हे स्पष्ट केले आहे. अधिकाऱ्याने आठवण देऊनही रकाना कोरा राहिला तर अर्ज जातो. नुसती रेघ मारू नये, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे अक्षरांत लिहावे. आणि गोव्यातली खरी मेख पुढेच आहे. स्थावर मालमत्तेच्या रकान्यात बायका सवयीने ‘निरंक’ लिहून मोकळ्या होतात. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते, निम्मी तिची. आयकर कायदासुद्धा पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे धरतो. भाट, म्हणजे माडांची बागायत, विकायचे असले की हीच बाई सब-रजिस्ट्रारसमोर सही करायला अगत्याने नेली जाते. मग अर्ज भरतानाच ती निर्धन कशी होते? शिवाय माहेरची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कोर्टामार्फतची वाटणी, झालेली नसते आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबाच नांदत असतात. तिथला तिचा अविभक्त वाटा कुणाच्या ध्यानातही येत नाही. मजकूर खोटा म्हणून छाननीत अर्ज सहसा फेटाळला जात नाही, पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिकाही येऊ शकते. तेव्हा नवऱ्याच्या आणि स्वतःच्या उताऱ्यांची चळत घेऊन वकिलापुढे बसायचे ते निवडणूक जाहीर होण्याआधी. नोटरीच्या दारात रांग लागल्यावर नव्हे.

अर्जानंतर राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते आणि ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच. हारतुऱ्यांत ती विसरणारे पुरुषही आहेत, तेवढी समानता आहे आपल्याकडे.

पैशाचा हिशेब हा आणखी एक खड्डा. निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडावे लागते. निवडणूक आयोगाच्या नोंदवहीत पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची आणि पिवळी बँकेची. गोव्यात विधानसभेच्या उमेदवारासाठी २०२२ साली मर्यादा २८ लाखांची होती. गाडी, मंडप आणि जेवणावळ नवरा नाहीतर दीर परस्पर ठरवतो आणि बिल येते कुणाच्या तरी तिसऱ्याच्याच नावावर. पण वहीवर सही उमेदवाराची असते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. जिंकलेली बाई हिशेब देतेच, कारण तिच्या आजूबाजूला माणसे असतात. हरलेलीची वही चौथ्या दिवशी खाटेखाली जाते आणि पुढची निवडणूक तिथेच बुडते.

आता थोडे आपल्याबद्दल. आरक्षणाची यादी उशिरा येते ही तक्रार खरी आहे. पालिकांच्या प्रभागांतल्या महिला आरक्षणाच्या चुकांवरून २०२१ साली पाच पालिकांचे प्रकरण उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि नवी अधिसूचना काढण्यासाठी सरकारला दहा दिवस मिळाले. म्हणजे बाईला तयारीला किती मिळाले ते मोजा. महिलांना एक-तृतीयांश जागा म्हणजे त्याहून कमी नाही: पंचायतीच्या पाच पंचांत दोन, सातांत तीन, अकरांत चार. एवढे गणित यादी छापताना आपल्या कार्यालयात कुणी करून पाहिले तर वाचकांचे भले होईल. त्याऐवजी गेल्या खेपेला ती यादी आपण आतल्या पानावर, श्रद्धांजलीच्या चौकटीखाली, भिंग लागेल अशा टायपात छापलीत.

विधानसभेची आणि पंचायतींची मुदत २०२७मध्येच संपते. सध्याच्या विधानसभेत २०२२ साली चाळीस जागांवर तीन स्त्रिया निवडून आल्या. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या १९७३ साली. एवढ्या वर्षांनी आपण बायकांना माईक कसा धरायचा ते शिकवतो आहोत.

त्याच रविवारच्या अंकात पान चारवर रस्त्याच्या डांबरीकरणाच्या शुभारंभाचा फोटो आहे. नारळ फोडताना एक महिला पंच, आणि खाली ओळ: ‘स्थानिक पंच व त्यांचे पती’. पुढे नाव छापले आहे ते पतीचेच. बाईंचे कुठले नाव लावायचे असा पेच पडला असेल तर मतदारयादीत मिळेल.

आपली,
एक वाचक, म्हार्दोळ