चाकूरकर साहेब गेले, छकुली निवडून आली

लातूर,
२ फेब्रुवारी २०२६

प्रिय दोस्ता,

१२ डिसेंबरला आपले शिवराज पाटील चाकूरकर साहेब गेले तेव्हाच तुला लिहायचं होतं. फोन हातात घेतला होता, पण त्यांचा विषय निघाला की आपलं भांडण होतं, आणि त्या दिवशी मला भांडायचं नव्हतं. मग निवडणूक आली. माझी पुतणी छकुली नगरसेविका झाली हे तुला कळलंच असेल. माझ्या डोक्यात ह्या दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकून बसल्यात, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं?

माझी शुगर आहे तशीच. हिची कंबर थंडीत धरते. बाकी ठीक.

१५ जानेवारीला मतदान, दुसऱ्या दिवशी निकाल. २०२२ पासून महापालिकेत प्रशासकच होता, त्यामुळं गल्लीला आपलं माणूस मिळाल्याचा फार आनंद. वहिनींनी ओवाळलं, अंगण गुलालानं लाल झालं. आणि रात्रीच चौकात बॅनर लागला, 'भावी खासदार'! अरे, पोरीनं अजून एक सर्वसाधारण सभा बघितली नाही. बरोबरची पोरं मला समजावतात, काका, २०२३ ला कायदा झालाय, लोकसभेत बायकांना एकतृतीयांश जागा. जनगणना झाली, मतदारसंघांची फेररचना झाली की ताई दिल्लीला. कायदा खरा आहे. ती दिल्लीला जावी असं मलाही वाटतं, मनापासून वाटतं. पालिकांत निम्म्या जागा बायकांना मिळाल्या म्हणूनच तर ती उभी राहू शकली. मला घोर लागलाय तो मधल्या वर्षांचा.

साहेब १९६७ ला नगराध्यक्ष झाले तेव्हा आपण चड्डीत गंजगोलाईत हुंदडत होतो. १९७३ ला आमदार, मग विधानसभेचे उपाध्यक्ष, अध्यक्ष, आणि १९८० ला लोकसभा. पालिकेतून दिल्लीला पोचायला तेरा वर्षं. तेव्हापासून लागोपाठ सात वेळा खासदार, आणि १९९१ ते ९६ लोकसभेचे अध्यक्ष. २००४ ला भाजपच्या रूपाताई निलंगेकरांनी त्यांना हरवलं तेव्हा तू पेढे घेऊन माझ्या दारात आलास. "दिल्लीत स्पीकर होऊन लातूरच्या नळाला काय आलं?" असं माझ्या आईसमोर ओरडलास. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या दिवशीही पुण्याहून फोन केलास, "आता बोल!" मी काय बोलणार, मी हंडे मोजत होतो.

पण मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. साहेब अध्यक्ष असताना, १९९३ च्या एप्रिलमध्ये, किल्लारीच्या भूकंपाआधी काही महिने, संसदेत विभागवार सतरा स्थायी समित्या झाल्या. तोवर बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना मंजूर व्हायच्या. समितीत सचिवाला समोर बसवून खासदार कागद मागू शकतो, हा पैसा कुठं गेला विचारू शकतो. माझा जन्म पालिकेच्या सभा शाखेत गेला. सभेत आरडाओरडा होतो, पेपरात नाव येतं; काम होतं ते समितीच्या खोलीत, टिपणी वाचणाऱ्याच्या हातून. साहेबांना हे लातूरच्या पालिकेतच उमगलं असणार, असं मी धरून चालतो. पुरावा माझ्याकडं नाही, पण इतकी वर्षं इतिवृत्तं लिहिलेल्या माणसाला एवढं म्हणायचा हक्क आहे.

(२००८ ला मुंबईवरच्या हल्ल्यानंतर त्यांनी केंद्रीय गृहमंत्रिपदाचा राजीनामा दिला, टीव्हीवाले त्यांच्या कपड्यांवरून बोलत होते, आणि तू मला एकही टोमणा मारला नाहीस. ते मी विसरलेलो नाही.)

आता छकुलीचं ऐक. मी तिला मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक नेऊन दिलं. ते टीपॉयवर तसंच पडलंय, त्याच्यावर हारतुरे. पोरगी वाईट नाही रे. परवा सकाळी सहाला तुंबलेल्या नालीवर जाऊन उभी राहिली, जेसीबी येईपर्यंत हलली नाही. पण पोरांनी त्याचं रील काढलं, हजारो लोकांनी बघितलं, आणि ही नाली पुढं कुठं जाऊन मिळते हे विचारायचं राहूनच गेलं. 'ऐनवेळचे विषय' म्हणून सभेत काय काय घुसवतात, निविदेच्या अटी कुणासाठी बदलतात, नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी का येतं, हे सगळं शिकायची जागा हीच आहे. ते न शिकता ती दिल्लीला गेली तर समितीत तिच्यासमोर ठेवलेला कागद ती उलटा धरील, आणि अधिकारी हसतील. माझ्या भावाच्या लेकीला कुणी हसलेलं मला चालणार नाही.

मी सांगितलं की तिला ते म्हाताऱ्याचं कीर्तन वाटतं. तुझं ऐकते. तसं तुला राजकारण कळत नाही. कॉलेजात वर्गप्रतिनिधीला उभा राहिलास तेव्हा तुझं स्वतःचं मतसुद्धा मला पडलं होतं! चिडू नको.

गुडघ्याचं ऑपरेशन आता लांबवू नको. सूनबाईंची बदली झाली का? नातवाला आशीर्वाद, त्याची बारावी यंदाच ना?

महाशिवरात्रीला सिद्धेश्वराच्या यात्रेला ये. त्यानंतर बजेटची सभा लागेल, त्याआधी एक संध्याकाळ छकुलीजवळ बस. मी आत चहा करत बसेन, मध्ये बोलणार नाही. २००४ ला माझ्या दारात उभा राहून जे ओरडलास, ते तिला शांतपणे विचार, आणि उत्तर येईपर्यंत उठू नको.

तुझाच