आई-बाबांना पत्र : कॅपचे सिमेंट आणि उंदराची कवटी

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दातांच्या डॉक्टरकडचे सिमेंट तुला प्रयोगशाळेत कशाला लागते, असे आईने रविवारी फोनवर विचारले आणि मी घाईत उडवाउडवीचे उत्तर दिले, म्हणून आता नीट लिहिते.

आमच्या उंदराचे वजन पंचवीसेक ग्रॅम, आणि कवटीचे हाड अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. त्याच्या मेंदूत ०.२ मिलिमीटर जाडीचा काचेचा तंतू बसवून त्यातून मेंदूतल्या ठरावीक पेशींवर निळा प्रकाश सोडायचा आणि तो तंतू महिनोन्‌महिने तसूभरही हलू द्यायचा नाही, हे माझे काम. उंदीर मात्र डोके खाजवतो, पिंजऱ्याच्या जाळीवर घासतो. तंतू थोडा जरी सरकला, तरी प्रकाश भलत्याच पेशींवर पडतो.

आई, दाढेवर कॅप बसवण्यासाठी जी सिमेंटे असतात त्यांतलेच एक आम्ही थेट हाडावर लावतो. त्यातला ४-मेटा हा रेणू दाताच्या पृष्ठभागावर नुसता चिकटत नाही, तर आत झिरपून तिथेच घट्ट होतो, हे जपानमध्ये नोबुओ नाकाबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवले होते. त्यावर थर येतो तो बाबांच्या कवळीच्या जातीच्या ॲक्रिलिकचा : भुकटी आणि उग्र वासाचा द्रव कालवून. ते घट्ट होताना तापते, म्हणून गोळा न थापता पातळ थर चढवावे लागतात. त्यात आम्ही काळी पूड मिसळतो, कारण एरवी प्रकाश बाहेर झिरपतो आणि उंदीर डोळ्यांना दिसलेल्या उजेडानेच दचकतो.

खरी मेहनत मात्र सिमेंटच्या आधीची. हाडावरचा पातळ पापुद्रा खरवडायचा, हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पुसायचे, सुरीच्या टोकाने बारीक चरे पाडायचे आणि वाट पाहायची. ओल्या हाडातून खालच्या रक्तवाहिन्या दिसतात. ते कोरडे झाले की खडूसारखे पांढरे पडते. जूनमध्ये एका उंदराच्या जखमेच्या कडेला रक्ताचा किंचित ओलावा होता, तो दिसत असूनही मी दमल्यामुळे पुढे गेले. तेविसाव्या दिवशी सकाळी ती काळी टोपी तंतूसकट भुशात पडलेली सापडली. खालची बाजू गुळगुळीत होती, आणि एका कडेला तपकिरी रेघ. त्या उंदराला वेदनारहित मरण द्यावे लागले. दोष सिमेंटचा नव्हता.

आईचा दुसरा प्रश्न उंदराला दुखते का, हा होता. शस्त्रक्रिया पूर्ण भुलीखाली होते, नंतरचे काही दिवस वेदनाशामक देतो, आणि प्राण्यांवरील प्रयोगांसाठीच्या समितीच्या मंजुरीशिवाय सुरुवातही करता येत नाही. तरीही अजिबात दुखत नसेल, असे मी तुम्हाला लिहिणार नाही.

गुरुवारी कॅप बसवताना डॉक्टर गालात कापसाच्या गुंडाळ्या कोंबतील. आई, कितीही गुदमरल्यासारखे वाटले तरी त्या लवकर काढायला सांगू नकोस.

तुमची,
मनू