लेझरने चष्मा घालवलेल्यांचा मोतीबिंदू

संपादक महोदय,

मोतीबिंदूविषयी वर्तमानपत्रांत वरचेवर छापून येते, पण ऐन पंचविशी-तिशीत लेझरने चष्मा घालवलेल्यांचा उल्लेख त्यात क्वचितच असतो. 1990च्या दशकात चष्मा घालवणारा एक्सायमर लेझर रूढ झाला. तेव्हाचे तरुण आता साठीकडे आले आहेत आणि त्यांना मोतीबिंदू होऊ लागले आहेत. शस्त्रक्रिया इतरांसारखीच होते. चुकतो तो आत बसवायच्या लेन्सचा नंबर.

हा नंबर मुख्यतः डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, बाक यांवरून काढतात. लांबी आजच्या यंत्रांवर बिनचूक मिळते, घोळ बाकात आहे. बाक मोजणारा केराटोमीटर कॉर्नियाची फक्त पुढची बाजू मोजतो, तीही ऐन मध्यावर नव्हे तर साधारण 3 मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर. मागची बाजू पुढच्या बाजूच्या ठरावीक प्रमाणात असणार असे गृहीत धरून तो 1.3375 या ठरावीक वक्रीभवनांकाने (प्रकाश वळवण्याच्या मापाने) कॉर्नियाची ताकद सांगतो. मायनस नंबर घालवताना लेझरने पुढची बाजू सपाट केलेली असते, मागची होती तशीच राहते. ते प्रमाणच मोडल्यामुळे यंत्र ताकद जास्त दाखवते. मायनस सहा घालवलेल्या डोळ्यात हा फरक एका डायऑप्टरच्या (चष्म्याच्या नंबराचे एकक) घरात जातो.

त्यात दुसऱ्या चुकीची भर पडते. लेन्सचा नंबर काढायची एसआरके-टी, हॉफर-क्यू ही सूत्रे सपाट कॉर्निया पाहून लेन्स डोळ्यात पुढे बसेल असा अंदाज बांधतात, आणि पुढे बसणाऱ्या लेन्सला ताकद कमी लागते. प्रत्यक्षात लेन्स बसते नेहमीच्याच जागी. दोन्ही चुका एकाच बाजूला झुकतात, लेन्स कमी ताकदीची निघते आणि पेशंटला दीड-दोन प्लस नंबर राहतो. म्हणजे लांबचेही धूसर आणि जवळचे त्याहून धूसर. ज्यांचा मूळचा प्लस नंबर लेझरने घालवला, त्यांच्यात उलटे होऊन थोडा मायनस राहतो.

उपाय आहेत. बॅरेट ट्रू-के, हायगिस-एल, शम्मास ही अशाच डोळ्यांसाठीची सूत्रे आहेत. दोन-तीन सूत्रांची उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत, एकावर विसंबू नये. उत्तरांत तफावत असेल तर शून्याच्या मागे न लागता उणे अर्धा ते पाऊण नंबर राहील अशी लेन्स निवडावी. अंदाज थोडा चुकला तरी माणूस प्लसमध्ये जात नाही. कॉर्नियाची मागची बाजूही मोजणारी नवी यंत्रे उपयोगी पडतात. तरीही लेझर न झालेल्या डोळ्याइतका नेम लागत नाही, हे पेशंटला आधीच सांगितलेले बरे.

जुने कागद असतील तर सोन्याहून पिवळे. लेझरआधीचा चष्म्याचा नंबर, लेझरआधीची के-रीडिंग (केराटोमीटरने मोजलेली कॉर्नियाची ताकद) आणि लेझरनंतर स्थिरावलेला नंबर एवढे पुरे. हा शेवटचा नंबर मोतीबिंदू सुरू होण्याआधीचा हवा, कारण मोतीबिंदू स्वतःच नंबर मायनसकडे ढकलतो. अनेक जण लेझरची गोष्ट सांगतच नाहीत. त्यांच्या लेखी ते प्रकरण कधीच मिटलेले असते. लॅसिक या लेझर पद्धतीत कॉर्नियाचा उचललेला पातळ थर, म्हणजे फ्लॅप, असतो; त्याची कड स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शीखाली) शोधली तर दिसते. पीआरके या दुसऱ्या लेझर पद्धतीत फ्लॅपच नसतो. 27 मिलिमीटर लांबीचा (म्हणजे लांब) डोळा, के-रीडिंग 38 (म्हणजे सपाट कॉर्निया) आणि चष्मा नाही, असे दिसले की तपासणाऱ्याने टोपोग्राफी (कॉर्नियाच्या बाकाचा नकाशा) केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लॅसिकनंतर डोळे कोरडे पडतात आणि कोरड्या डोळ्याचे माप रोज वेगळे येते. आधी कोरडेपणावर उपचार, मग माप. मल्टिफोकल (लांबचे आणि जवळचे दोन्ही दाखवणाऱ्या) लेन्सचा आग्रह मात्र अशा डोळ्यांत धरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे: लेझरने प्रतिमेची प्रत आधीच थोडी उतरलेली असते, त्यात ही लेन्स प्रकाश विभागून आणखी घट करते. मायनस नंबरचा डोळा सहसा लांब असतो; लेझरने नंबर जातो, डोळ्याची लांबी आणि तिने ताणलेला पडदा तसाच राहतो, म्हणून बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी हवीच. पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाबही प्रत्यक्षाहून कमी भरतो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून सुटू शकतो.

इतके करूनही नंबर चुकलाच, तर लॅसिक झालेल्या डोळ्यातली लेन्स बदलायचा निर्णय लवकर घ्यावा. लेन्स ज्यात बसते ते मूळ भिंगाचे मागचे आवरण तिला घट्ट धरू लागले की काम अवघड होते, आणि याग नावाच्या लेझरने ते आवरण उघडल्यावर तर फारच. त्या काळात ब्लेडने चिरा देऊन नंबर घालवलेल्यांना, म्हणजे आरके झालेल्यांना, हा नियम लावू नये. मोतीबिंदूनंतर त्यांच्या चिरा सुजतात, कॉर्निया आणखी सपाट होतो आणि काही आठवडे मोठा प्लस नंबर दिसतो. तो पुष्कळदा आपोआप उतरतो. दोन-तीन महिने थांबून, दोन भेटींत नंबर सारखा आल्यावरच लेन्सला हात लावावा.

– नेत्रतपासणी क्षेत्रातील काही वाचक