कॉम्प्युटरची कसली फॅशन?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेडिओहेड या इंग्रजी रॉक बँडच्या ‘किड ए’ अल्बमच्या पंचविशीवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकमहाशयांनी मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण रेडिओहेडने ‘गिटार टाकून कॉम्प्युटरची फॅशन धरली’ हे वाक्य छापण्याआधी आपल्याकडे कोणी तो अल्बम ऐकला होता का? त्यातल्या ‘ऑप्टिमिस्टिक’ गाण्यात मग काय वाजतंय, पिपाणी? आणि बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवूड या अल्बममध्ये जे ओंद मार्तनो वाजवतो, ते विजेवरचं असलं तरी 1928 सालचं फ्रेंच वाद्य आहे. तारेला जोडलेली अंगठी बोटात घालून सरकवायची, की सतारीवर मींड काढावी तसा सूर घसरत जातो. चांगलीच नवी फॅशन!

माझा राग तसा जुना आहे. या अल्बमची कॅसेट घरी आली तेव्हा दुसऱ्याच गाण्याला दादाने टेप बंद केला. ‘रीळ ताणली गेलीय’ म्हणे. स्पिरिटने हेड पुसलं, पेन्सिलीने रीळ आवळली, तरी गाणाऱ्याचा आवाज आपला घोटल्यासारखाच. गायक थॉम यॉर्कचा आवाज मुद्दाम यंत्रातून काढून तसा केलाय, हे मी परोपरीने सांगत होतो. ऐकतो कोण? राजवाड्याजवळच्या दुकानात जाऊन तो कॅसेट बदलून घेऊन आला, तीही लग्नाच्या गाण्यांची. वरचे पैसे माझ्याच खिशातून गेले. आपला लेख वाचून दादाला आता वाटतंय, आपलं तेव्हा बरोबरच होतं. सकाळपासून ऐकवतोय.

1997 च्या ‘ओके कॉम्प्युटर’ या आधीच्या अल्बमसारखाच आणखी एक काढला असता तर लेखकांची सोय झाली असती, एवढंच. एकही गाणं सुटं, सिंगल म्हणून न काढता हा अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर लागला, ते मात्र लिहायचं राहिलं.

बरं, ‘रेडिओहेड आधीचं राहिलं नाही’ हे लेखातलं वाक्य इंदुरात बसून लिहावं? 1948 साली कुमारजी, म्हणजे गायक कुमार गंधर्व, क्षयाने आजारी होऊन इथून तासाभरावर देवासला आले, अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं ऐकली आणि पुढे त्यातून नवे राग उभे केले. तेव्हाही गाणं बिघडलं म्हणून नाकं मुरडणारे होतेच. आता त्यांचीच नातवंडं ‘आमच्या आजोबांनी समोर बसून ऐकलंय’ म्हणून मिरवतात.

आणखी एक. शब्दकोड्याचं उत्तर या रविवारीही नव्हतं. त्या जागी कोचिंग क्लासची जाहिरात होती. आडवे सात आमच्याकडे अजून अडलंय. तेवढं कृपा करून छापा.

आपला,
एक जुना वाचक
रामबाग, इंदूर