मुंबईला जात नाही, त्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मुंबईच्या वाहिनीला मी नकार कळवला आहे आणि येत्या एक तारखेपासून इथे बेळगावातच सामुदायिक रेडिओ केंद्रावर रुजू होत आहे. फोनवर सांगितले असते तर बाबा ‘बरं’ एवढेच म्हणून फोन आईकडे देतील आणि आई आधी पगाराचे विचारील, म्हणून सविस्तर लिहिते. पगार मुंबईपेक्षा बराच कमी आहे. पण खोलीचे भाडे, खाणावळ आणि तुम्हा दोघांची औषधे भागून थोडे हाती उरते, हे मी कागदावर मांडून पाहिले आहे. बाबांच्या मोतीबिंदूचे पैसे वेगळे ठेवले आहेत, त्यांना हात लागणार नाही. दादाच्या वेळी जे झाले ते मी विसरलेले नाही, आणि हे तसे नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल की ज्या केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, तिथे बातमीदाराने जाऊन करायचे काय. 2006 साली सरकारने स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे चालवायची मुभा दिली, पण बातम्यांना मनाई ठेवली. आजही आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते, तेवढेच. मात्र हवामान, वाहतूक, पाणी, वीज, परीक्षा, नोकरभरती, साथीचे रोग आणि पूर यांची माहिती नियमात बसते, आणि आपल्या भागातल्या माणसाचे अर्धे आयुष्य तर याच गोष्टींवर चालते. सीमाभाग मुंबईला आठवतो तो 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला, नाहीतर 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या दाव्याची तारीख लागली तर. ती बातमी लहान आहे असे मी मुळीच म्हणत नाही. तुमच्या पिढीने ती अंगावर झेलली आहे. पण एरवीचे वर्षभर काय? बेळगुंदी-उचगावचा शेतकरी रताळ्याची पोती टेम्पोत घालून बाजार समितीत येतो आणि दर पडल्याचे त्याला तिथे उतरल्यावर समजते. ते आदल्या संध्याकाळी त्याला घरी कळावे, एवढ्यासाठीसुद्धा मी ही नोकरी धरली असती.

सुट्टीच्या दिवशी मी या केंद्रावर जात होते, हे तुम्हाला माहीत आहेच. राकसकोपची पातळी 2475 फुटांवर गेली की जलाशय भरला म्हणून शहरात आनंद होतो; पण दरवाजे उघडले की मार्कंडेयच्या काठावरच्या लोकांच्या पोटात गोळा येतो. त्यांच्यासाठी मी लिहिलेल्या सूचनेत आधी गावाचे नाव, मग वेळ, मग नदीवरचे पंप काढून घ्या, एवढेच होते. मराठीतून सावकाश दोनदा वाचली आणि लगेच कन्नडमधून. कंग्राळीहून एका आजोबांचा फोन आला, “बाई, परत एकदा वाचा, पोरगा पेन शोधतोय.” मी परत वाचली. आई, त्या दिवशी मला जितके समाधान वाटले तितके कुठल्याही मोठ्या मथळ्याने वाटले नव्हते.

हे वेड तुमच्याकडूनच आले ना, बाबा? पुण्याच्या सात दहाच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की तुम्ही सगळ्यांना गप्प करायचात, आणि पावसात त्या ऐकवणारी सांगली केंद्राची लहर खरखरायला लागली की मला खांद्यावर घेऊन एरियल धरायला लावायचात. आई भाकरी थापायची थांबायची. मी तशीच वर बसून आपल्या जांबोटीचे नाव कधी येते म्हणून कान देऊन ऐकायची.

एक गोष्ट मात्र मलाच लागून राहिली आहे. केंद्र लहान, 100 वॅटचे. आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे धड पोहोचत नाही, त्यामुळे घरी तुम्हाला मी ऐकू येणार नाही. सकाळचा कार्यक्रम मी रोज मोबाइलवर पाठवीन. आई, तो उघडायचा कसा हे शेजारच्या पोरीला विचार, तिला मी सांगून ठेवते.

माझी काळजी करू नका. वडगावची खोली कोरडी आहे, अंघोळीला गरम पाणी मिळते, पहाटेच्या पाळीला एक सहकारी गाडीवरून सोबत नेते आणि घरमालकीणबाई डबा दिल्याशिवाय बाहेर पडू देत नाहीत. मुंबईहून मी वर्षातून एकदा आले असते. इथून दर रविवारी येईन.

आता माझे ऐका. पावसाच्या आत कौले परतून घ्या, पण बाबांनी शिडीवर पाय ठेवायचा नाही. गडी मी पाठवते. आई, साखरेची गोळी जेवणाआधी, आठवण झाली की नव्हे. आणि पाहुणे आले म्हणून कुंदा खायचा नाही. मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. पहिल्या बसने या, जुने रिपोर्ट आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा, आणि शहापूरला आत्यांकडे आधी उतरू नका, मग तुम्ही दुपारशिवाय निघत नाही. मी बसस्टँडवर असेन.

तुमची,
शुभा